अक्कांची गृहभेट

दुसऱ्याच्या घरात पाऊल कसं टाकावं हे सबंध बंगळुरात एकाच बाईंना कळत होतं, आणि ते शिकवताना त्यांनी निम्म्या बंगळुराला रडवलं होतं. आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. मुलांसाठी आणि अडचणीतल्या कुटुंबांसाठी काम करू पाहणाऱ्या बायकांना त्या एका संस्थेत तयार करायच्या. घराणं मराठी, पण कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. त्यामुळे अक्कांच्या मराठीत कानडी अशी मुरली होती की वेगळी काढायला गेलं तर मराठीच सांडली असती. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा तिशीची होते. नवऱ्याच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीमागे पुण्याहून आलेली, समाजकार्याची पदवी पदरात आणि नाक आभाळात. हल्ली मी नातीला नम्रतेवर प्रवचन देते, तेव्हा अक्का ऐकायला नसतात ते एक बरं.

त्यांचे नियम ऐकून माणूस हसायचा आणि मग पाळायचा. घर यायच्या आधीच आवाज खाली आणायचा. मूल जमिनीवर असेल तर आपण खुर्चीवर बसायचं नाही. पुढे येईल ते प्यायचं. एकदा एका घरी त्यांनी मिठाचा चहा निमूट संपवला आणि वर अर्धा कप मागितला. मी पहिल्या दिवशी कडक इस्त्रीची साडी नेसून गेले, तर वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "चिकपेटात साड्यांचं दुकान उघडायला निघालीस की काय गं?" वर्गात त्या स्वतःच भांडकुदळ आजी व्हायच्या आणि आम्ही त्यांच्या घरी भेटीला जायचं. मला त्यांनी केरसुणी घेऊन जिन्यापर्यंत पिटाळलं होतं. मी रडले. अक्का म्हणाल्या, "आजी अजून स्वल्प बरी होती. आजोबा यायचे आहेत."

माझी पहिली खरी गृहभेट शहराबाहेर, होसकोटेला. कपड्यांच्या कारखान्यात शिवणाऱ्या एका बाईची पाच वर्षांची मुलगी दिवसभर घरात एकटी असते, अशी तक्रार होती. मी गेले तेव्हा दाराला कुलूप, खिडकीत मुलगी. मी खिडकीतून डोकावून अहवाल लिहिला: आई मुलीला कोंडून ठेवते, तातडीने बालगृहात हलवावे. निर्णय देणारी बालकल्याण समिती सोमवारी बसणार होती. अक्कांनी अहवाल वाचला, "सरी," म्हणजे ठीक, एवढंच म्हणाल्या आणि पिशवीत ठेवला. मला ती शाबासकी वाटली. घरी येऊन मी शिरा केला.

रविवारी सकाळी अक्का न सांगता जे. पी. नगरला आमच्या दारात हजर. माझा तीन वर्षांचा मुलगा आतल्या खोलीचं दार बडवत होता, सासूबाई आणि मी डोशाच्या पिठावरून वाद घालत होतो. मी घाईने कडी काढली. अक्का खाली बसल्या, दोन कप कॉफी प्यायल्या, चिवडा मागून घेतला आणि कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या. मग वाचून दाखवलं: "मूल कोंडलेलं. बाहेरून कडी. रडतं आहे. आई भांडखोर. मूल हलवावं." सासूबाईंना चौथं वाक्य फार आवडलं.

मी उसळले. दोन मिनिटांसाठी कडी लावली होती, म्हटलं. गॅसवर दूध उकळत होतं आणि तो पायात येतो.

"खरं की," अक्का म्हणाल्या. "आणि त्या बाईनं काय उकळत ठेवलं होतं, विचारलंस?"

तशीच आम्ही होसकोटेची बस धरली. सुट्टी असल्यामुळे आई घरी होती, मुलीची वेणी घालत होती. आम्हाला बघून तिने अर्धी वेणी मुठीत घट्ट धरली. अक्का जमिनीवर बसल्या आणि कानडीत एवढंच विचारलं, किल्ली कुणाकडे असते? शेजारची म्हातारी पदराची गाठ सोडत पुढे आली. दारासमोरून दिवसभर लॉऱ्या धावत होत्या, म्हणून कुलूप. किल्ली म्हातारीकडे, दुपारी ती मुलीला आपल्या घरी नेऊन जेवू घालायची. मी आधी गेले तेव्हा ती पाणी भरायला गेली होती. मी थांबले असते तर भेटली असती.

सोमवारी समितीने मुलगी आईकडेच ठेवली आणि पाळणाघराची सोय लावून दिली. पण मला आठवते ती आदल्या संध्याकाळची परतीची बस. नवा अहवाल मी मांडीवरच लिहून काढला होता, आणि नाक पुन्हा आभाळाकडे निघालं होतं. विचारलं, "अक्का, तुमचं कधीच चुकलं नसेल, नाही?"

त्यांनी गुडघ्यांवरची पिशवी सावरली.

"एकदा. तुझ्याएवढी होते. काही विचारलं तरी आई बोलेना. लिहून टाकलं, बेपर्वा आहे, मुलगी हलवा. मागाहून कळलं, बाई मुकी होती."

"आणि मुलगी?"

"पुष्कळ शोधली गं."

गर्दीत त्यांची पिशवी त्यांच्या गुडघ्यांवरून सारखी घसरत होती. ती मी उचलून माझ्या मांडीवर घेतली आणि शहर येईपर्यंत धरून बसले.