डोहाळजेवण मावशीचं, पोट माझं

माझ्या पोटातल्या लेकराचं डोहाळजेवण माझ्या मामानं मावशीला घातलं.

व्हय, बरोबर वाचलं तुमी.
पोट माझं. हिरवी साडी मावशीला.

ह्यावरनं ज्या बाईनं मामाला तोंडावर झापलं, त्या काल सांगलीत वारल्या. मिरजेच्या एका दवाखान्यात सोशल वर्कर व्हत्या. आमी सगळ्या नुसतं "बाई" म्हणायचो.

सकाळपास्नं ग्रुपवर फुलं पडत्यात. "अनाथांची माऊली" म्हणं.
माऊली बिऊली काय न्हवत्या. चांगल्या फटकळ व्हत्या. म्हणून तर लिवतेय.

आज माझ्या दोन्ही पोरांला फोन करून आधी सगळं सांगितलं, मग टाईप कराय बसले. सत्तरीत आता कुणाला भ्यायचं?

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट हाय. मी एकोणीस वर्षाची. आई-बाप न्हवते, पाटणजवळ मामाकडं वाढले. सहावीतनं शाळा सोडवली. लाजरी इतकी की पावण्यांना पाणी द्यायचं तर तांब्या उंबऱ्यावर ठेवून पळायची.

लगीन ठरल्यालं. मिलिटरीवाला. सुट्टीवर आला, गेला, आन् त्याच्या घरच्यांनी दुसरीकडं सोयरीक केली.
मला दिवस गेल्यालं.

मामा गावात मोठा माणूस. दुसऱ्याच्या भावकीची भांडणं सोडवायचा. त्यानं डोकं लढवलं. आटपाडीच्या मावशीला लेकरू न्हवतं. माझं तिच्या ओटीत घालायचं. पण लोकांला ते तिचंच वाटाय पायजे.

मग मावशीनं पोटाला गोधडीचा तुकडा बांधला.
सातव्या महिन्यात डोहाळजेवण. फुलांचे दागिने, फोटोग्राफर, झाकल्याल्या वाट्या. मावशीनं वाटी उघडली तर पेढा निघाला, म्हणजे मुलगा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी तवा मिरजेत, दवाखान्याच्या मागच्या खोलीत लपवल्याली. कुणी मला साधी चिंच सुदीक इचारली न्हाई.

आठवं लागल्यावर मामा-मावशी दोघं आली बाईंकडं. मामानं सगळं सांगितलं, लय अभिमानानं. दत्तकाचे कागद करा म्हणाला.

बाई म्हणाल्या, "मुलगी काय म्हणते?"

"आवं, ती कवा बोलतिया व्हय? आन् आता डोहाळजेवण झालंय. आता काय इचारायचं ऱ्हायलं?"

"ते तुम्ही केलंत. तिनं नाही. दोघंही बाहेर बसा."

मामाला बाहेर बसायची सवय न्हवती. त्याचं तोंड बघाय पायजे व्हतं.

मग बाई माझ्यासमोर बसल्या. गोड बोलणं न्हाई, पाठीवरनं हात न्हाई. सरळ सांगितलं.
ठिवलंस तर ऱ्हाशील कुठं, खाशील काय, ते आत्ता बोलू. मी जागा बघीन, पण सोपं न्हाई.
मावशीला दिलंस तर सणावाराला दिसंल.
परक्याला दिलंस तर दिसणार न्हाई. नाव कळणार न्हाई, गाव कळणार न्हाई.
आन् काय बी ठरवलंस तरी बाळ झाल्यावर मन बदलता येतं. सही तुझी. मामाची न्हाई.

बाईंनी घाई केली न्हाई.

शेवटी माझ्या तोंडनं निघालं, "मावशीकडं दिलं तर ते मला काय म्हणंल?"

"ताई."

बस्स. एवढंच बोलणं झालं त्या दिशी.

तीन दिवस त्या येत ऱ्हायल्या, तेच इचारत ऱ्हायल्या. तिसऱ्या दिशी मी म्हटलं, मावशीला न्हाई. परक्याला द्या. मला त्याची ताई व्हायचं न्हाई.

मामा पिसाळला. पहिलं वाक्य काय असंल? पोरीचं कसं व्हईल? लेकराचं कसं व्हईल?
न्हाई.
"आता आटपाडीत तोंड कसं दावायचं?"

मावशी व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसली आन् लुगड्याच्या आतनं तो गोधडीचा तुकडा सोडला. तेवढ्यापुरती मला तिची कीव आली. तेवढ्यापुरतीच.

कारण पुढं त्यांनी काय केलं म्हाईत हाय?
माझे दिवस भरल्यावर आटपाडीत सांगितलं, मावशी मिरजेत बाळंत झाली, पोर दगावलं. दहा दिवस सुतक पाळलं. लोक भेटाय आली, मावशी रडली, मामा मान खाली घालून बसला.

माझी पोरगी तवा माझ्या मांडीवर दूध पीत व्हती.
हो, पोरगी. पेढ्याचं बी खोटंच निघालं.

जित्या लेकराचं सुतक. आन् ह्यांना आमच्याकडं मोठी माणसं म्हणत्यात. मामा गेला तवा चौकात फ्लेक्स लागला व्हता, "मार्गदर्शक".

सव्वा महिना ती माझ्यापाशी व्हती. बाई पिशवीत कागद घेऊन यायच्या, पण कागद बाहेर काढायच्या न्हाईत. आधी इचारायच्या, "अजून नाही म्हणता येतं. म्हणायचंय?"

एक दिस मीच म्हटलं, काढा कागद.
सही केली. सहावीपतुरच्या शाळेनं तेवढं दिलं व्हतं.

बरोबर केलं का चुकलं, मला आजबी ठाऊक न्हाई. माझ्या थोरल्यानं आज फोनवर तेच इचारलं. मी म्हटलं, ठाऊक न्हाई. पण ठरवलं मी.

पुढं लगीन झालं, संसार झाला. बाई अधनंमधनं मिरजेच्या बाजारात दिसायच्या. भाजी घेत उभ्या. "बरी आहेस का गं?" एवढंच. मी बी मान हलवायची.

बाई, ती कुठं दिली ते ठाऊक असणारं ह्या जगात एक माणूस व्हतं. ते काल गेलं.
पन्नास वर्षं म्या इचारलं न्हाई. तुमी सांगितलं न्हाई.

काल बातमी ऐकली तवा पयल्यांदा वाटलं, इचाराय पायजे व्हतं.

या आता. तुमाला माझा नमस्कार.