अठराला घेतो, एकोणिसाला देतो

सोवेटोतल्या चियावेलो वस्तीत तेंदानी आपल्या आत्याकडे राहायचा. गणिताची पदवी, विद्यापीठात दुसरा नंबर. पण बोलताना अडखळायचा. शब्दाच्या सुरुवातीला ‘त’ आला की जीभ थिजायची. स्वतःचं नाव सांगतानाही मानेच्या शिरा ताठ व्हायच्या.

त्याला बाजारात सौदे करणाऱ्या कंपनीत शिरायचं होतं, जिथे शक्यतांचं गणित मांडून भाव ठरवतात. पदवीनंतरचं अख्खं वर्ष त्याने या तयारीत घातलं. लेखी परीक्षेचं काहीच वाटत नव्हतं. आठ मिनिटांत ऐंशी गणितं तो सहज उडवायचा. धास्ती तोंडी फेरीची. तिथे फासे टाकून भाव विचारतात आणि तो पाच सेकंदांत बोलावा लागतो.

मसिंदी आत्या एका शाळेत स्वयंपाक करायची. कामावर जाण्याआधी ती रोज घड्याळ घेऊन त्याच्यासमोर बसे. त्याने लिहून दिलेले प्रश्न वाची. गणितातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

“वेळ संपली की ओरड म्हटलं ना, आत्या!”

“ओरडले असते रे. पण उत्तर तुझ्या ओठांवर आलेलं दिसतं ना मला.”

“त्... त्यांना नाही दिसणार.”

“मग आधीच सांगून टाक. अर्जात अशी अडचण लिहायला रकाना आहे म्हणालास ना?”

“रकाना भरला की दारातूनच परत पाठवतील.”

रकाना कोराच राहिला.

लेखी परीक्षेत एकही चूक नव्हती. सँडटनच्या उंच इमारतीत त्याला बोलावणं आलं. समोर एक बाई आणि एक तरुण. बाईंनी सहा फासे टाकले. तीन उघडे ठेवले, तीन वाटीखाली झाकले.

“सहांची बेरीज विकत घ्यायची तर कितीला घ्याल? द्यायची तर कितीला? बोला!”

उघड्यांची बेरीज तेरा. झाकलेल्यांची सरासरी साडेदहा. तेविसाला घ्यायचं, चोविसाला द्यायचं. उत्तर त्याला प्रश्न संपण्याआधीच ठाऊक होतं. त्याने तोंड उघडलं. ‘ते’ टाळूला चिकटला. तरुणाने घड्याळाकडे पाहिलं. पाच सेकंद संपत आले, आणि ‘त’ने सुरू न होणारा जो आकडा जिभेवर आला तोच तेंदानीच्या तोंडून निसटला.

“अठराला घेतो, एकोणिसाला देतो.”

“घेतले!” साडेतेविसाचा माल एकोणिसाला मिळताच तरुण हसला. “अजून आहेत का?”

पुढच्या डावातही तेच. तिसऱ्या डावाला बाईंनी वही मिटली. “धन्यवाद. कळवतो आम्ही.” तेव्हा तरी सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण ते वाक्यही ‘त’पासूनच सुरू होत होतं.

चार दिवसांनी पत्र आलं: दडपणाखाली आपली आकडेमोड कच्ची पडते.

आत्याने त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं. “खोटं आहे हे! लिही त्यांना. तुला येत होतं म्हणावं.”

“सगळेच असं लिहीत असतील, आत्या.”

“तू सगळ्यांतला आहेस का?”

तो उठून बाहेर गेला. वर्षाने पुन्हा अर्ज करता येत होता. त्याने केला नाही. आता तो मिडरँडला गाड्यांच्या सुट्या भागांच्या गोदामात काम करतो. दिवसभर संगणकावर साठा जुळवतो. बोलावं लागत नाही.

परवा एका सहकाऱ्याने विचारलं, “इतका शिकलेला माणूस तू, इथे कसा रे?”

“गणित कच्चं निघालं माझं,” तेंदानी म्हणाला. एकदाही न अडखळता.