‘वावा’ म्हणजे रडणं नव्हे

आठवड्यात तिसऱ्यांदा रना मीटिंग सोडून घरी धावली, आणि तिसऱ्यांदा तिची लेक नूर मजेत खिदळत होती.

नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावातली आमची छोटी कंपनी बेबी मॉनिटर बनवते. बाळ रडलं की आईच्या फोनवर अलर्ट जातो. रना मूळची सीरियाची, नोकरी रॉटरडॅममध्ये. आमचं मशीन ती घरी वापरून बघत होती. दिवसा नूरला तिची आजी सांभाळायची.

“तुमचं मशीन खोटं बोलतं,” रनाने मला फोनवर सुनावलं. “परत घेऊन जा.”

माझा बॉस यान म्हणाला, “ते घर डेटामधून काढून टाक. शुक्रवारी रिलीज आहे.”

“आपल्याकडे अरबी बोलणारं तेवढं एकच घर आहे, यान. एकदा बघून तरी येते.”

मी पोचले तेव्हा रना घरीच होती, नूर रांगत होती. टेबलाच्या पायावर तिचं डोकं आपटलं. ती गप्पच. आजी मात्र धावल्या, कपाळावर फुंकर घालत म्हणाल्या, “वावा! वावा!”

रनाचा फोन वाजला. अलर्ट: बाळ रडतंय.

“वावा म्हणजे?” मी विचारलं.

“लागलं,” रना म्हणाली. “बाळ वा-वा करून रडतं ना, म्हणून.”

“आमच्याकडे बाऊ!”

रनाने ते आजींना सांगितलं. आजी खूश. त्यांनी लगेच माझी परीक्षा सुरू केली. तोंडाकडे बोटं नेत “मम?” मी म्हटलं, “मम्मम!” रिकामे हात दाखवत “बह्ह?” ‘संपलं’ला मला काही सुचेना. “भुर्र,” मी ठोकून दिलं. त्यांनी मला पास केलं.

मशीनमधलं आवाज ओळखणारं मॉडेल शिकवताना माणसं हजारो आवाज ऐकून त्यांना ‘रडणं’, ‘बोलणं’ अशा चिठ्ठ्या लावतात. याला लेबलिंग म्हणतात. आमच्या लेबलिंग करणाऱ्यांत अरबी येणारं कुणीच नव्हतं. ‘वावा’सारखं काहीही ऐकू आलं की चिठ्ठी ठरलेली: रडणं.

आजींनी रागावून, लाडाने, घाबरून, नाना सुरांत ‘वावा’ म्हणून दिलं. मी प्रत्येकाला ‘बोलणं’ लेबल लावलं. मॉडेल पुन्हा शिकवलं. खरं रडणं पकडलं गेलं, आजी सुटल्या. रिलीज सोमवारवर गेलं.

“उशिराचं कारण काय लिहू?” यानने विचारलं.

“लिही, आजी बोलत होत्या.”

बाळासारखे आवाज फक्त बाळच काढतं, असं आम्ही धरून चाललो होतो. आमच्यापैकी एकाच्याही घरात बाळ नव्हतं.