एका नोंदीत एकच गोष्ट

माझी मुलगी यामिला हुशार आहे, याबद्दल कोणाचंच दुमत नाही. तिच्यासोबत काम करणं कठीण आहे, याबद्दलही नाही. सात वर्षांची असताना तिने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. आमच्याकडे चहासारखा एक कडू पाला गरम पाण्यात घालून पितात, त्याच्या डब्यावर लिहिलं होतं, 'माते. बाबा पहाटे अंधारात शोधतात म्हणून खालच्या फळीवर.'

आता ती सव्वीस वर्षांची आहे. दूध गोळा करणाऱ्या टँकरचे मार्ग ठरवणारा प्रोग्राम लिहिणारं मोंतेविदेओतलं एक छोटं ऑफिस आहे, तिथे ती तीन महिन्यांच्या बोलीवर लागली. चिठ्ठ्या काही सुटल्या नाहीत.

प्रोग्राममधला प्रत्येक बदल जपून ठेवताना सोबत चार शब्द लिहायचे असतात, त्यांना कमिट मेसेज म्हणतात. लोक तिथे 'दुरुस्ती' लिहितात, 'आता झालं' लिहितात, आणि दुसऱ्या दिवशी 'आता खरंच झालं'. यामिलाला ते चालत नाही. पहिली ओळ छोटी, काय बदललं ते सांगणारी. मग एक ओळ मोकळी. मग का बदललं ते. आणि एका नोंदीत एकच गोष्ट. एकाचा बदल दुसऱ्याने तपासून मंजूर केल्याशिवाय लागू होत नाही, साहेबांचाही नाही; आधीच्या ऑफिसात तपासताना तिने यावरून इतक्या जणांचं काम परत पाठवलं की शेवटी त्यांनी तिलाच घरी पाठवलं.

म्हणून तिची मुदत संपायच्या आठवड्यात मी जीव मुठीत धरून होते. मंगळवारी ती घरूनच काम करत होती, माझ्या जेवणाच्या टेबलावर. मी भोपळा चिरत होते. तिचे साहेब नेल्सन यांचा फोन आला आणि तिने तो स्पीकरवर टाकला. पावसामुळे सान होसेकडचा एक पूल पाण्याखाली गेला होता. टँकर दुसऱ्या रस्त्याने वळवायचा बदल नेल्सननी केला होता आणि सोबत लिहिलं होतं, 'आता झालं'. यामिलाने तो परत पाठवला होता.

"पोरी, पूल बुडालाय," नेल्सन म्हणाले. मागे थर्मासमधून पाणी ओतल्याचा आवाज आला. "टँकर काय तुझं वाक्य वाचून वळणार आहे?"

"टँकर नाही वाचणार. पण पाणी ओसरल्यावर हे काढायचं कोणाला आठवणार, नेल्सन? तुम्हाला?"

त्यांनी कळफलक बडवला. मग कारण लिहून पाठवलं. मी श्वास सोडते तोच ही म्हणाली, यात दोन गोष्टी आहेत. दूध गोठ्यावर किती तास थांबू शकतं, ती मर्यादाही त्यांनी जाता जाता वाढवली होती. ती वेगळी नोंदवा.

"तू इथे टिकलीस ना, तर मला पेन्शन घ्यावी लागेल," ते म्हणाले, आणि हसले नाहीत.

फोन ठेवल्यावर मी तिला म्हटलं, लिहू दे की त्यांना हवं ते, साहेब आहेत. मी मातेत मीठ घातल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "आई, दोन गाठी एकत्र मारल्या, तर एक सोडताना दुसरीही सुटते."

नेल्सननी कुरकुरत दोन नोंदी केल्या.

गुरुवारी सकाळपासून गोठेवाल्यांचे फोन सुरू झाले. टँकर उशिरा येत होते, दूध नासत होतं. वाढवलेल्या मर्यादेचा तो परिणाम होता. नेल्सननी तेवढी एकच नोंद मागे घेतली, दहा मिनिटांत. पुलाची नोंद जागच्या जागी राहिली. तीही सोबत गेली असती, तर टँकर पुन्हा त्या पुलाकडे निघाले असते. यामिलाने हे मला सांगितलं ते भाजी आणल्याचं सांगावं तसं.

शुक्रवारी नेल्सनचं पत्र आलं, तिच्याच पद्धतीने लिहिलेलं. 'यामिलाला कायम केलं आणि नव्या दोघांना शिकवायचं काम तिला दिलं.' मग मोकळी ओळ. मग, 'कारण: गुरुवार.'

मी तिला मिठी मारायला उठले, तर बाई टाइप करत होत्या. मी विचारलं, आभार मानतेस का?

"परत पाठवतेय. कायम करणं एक, शिकवणं दुसरं. उद्या मला शिकवणं जमलं नाही म्हणून त्यांनी हे पत्र मागे घेतलं, तर?"

पाच मिनिटांनी उत्तर आलं: 'सोमवारी. दोन पत्रं. आता मला निवांत माते पिऊ दे.'

मुदत आज संपली. शनिवार-रविवार ही मुलगी नोकरीत आहे की नाही, हे मला कोणी सांगत नाही. ती मात्र मजेत झोपली आहे.