म्हशीबरोबर परत

तनुजाचं माहेर खडकवासला धरणाच्या मागच्या पाण्यातल्या एका टेकाडावर. उन्हाळ्यात वाट उघडी पडते. पावसाळ्यात त्या टेकाडाचं बेट होतं, मग होडीशिवाय इलाज नाही. लग्नात वडिलांनी तिला म्हैस आंदण दिली. सासर वारज्याला. चारी बाजूंनी इमारती उठल्या तरी नवरा इंद्रजीतने गोठा मोडला नव्हता.

धारा, शेण, म्हशींची बाळंतपणं, सगळं तनुजाच करी. आंदणाची म्हैस गाभडली तेव्हा मेलेलं रेडकू तिनेच उघड्या हातांनी ओढून काढलं. पुढे तिला रोज संध्याकाळी ताप येऊ लागला, सांधे धरले, दोनदा दिवस राहिले आणि दोनदा पोट पडलं.

"आमच्या नशिबी वांझोटी आली," सासू तुळजाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

मग गोठ्यांत राबणाऱ्यांचं रक्त तपासायला एक पथक आलं. जनावरांकडून येणाऱ्या जंतूंच्या खुणा कुणाच्या रक्तात आहेत, हे त्यांना बघायचं होतं. घरच्यांनी तनुजाला पुढे केलं. तिच्या रक्तात खूण निघाली. पथकातल्या डॉक्टर पूर्वा घरी येऊन म्हणाल्या, "आजार म्हशीकडून आलाय, औषधाने बरा होतो. तुमचे गर्भही यानेच गेले असतील. आता बाकीच्यांनी रक्त द्या, आणि ती म्हैस विकू नका."

बाकीच्यांनी रक्त दिलं नाही.

"विकायची नाही ना?" डॉक्टर गेल्यावर इंद्रजीत म्हणाला. "मग परत देऊ. तुमची म्हैस, तुमचा रोग, तुमच्या घरी."

"अहो, बरं होतं म्हणाल्या त्या."

"मग तिकडे जाऊन बरी हो."

टेंपोत पुढे ड्रायव्हर आणि इंद्रजीत बसले. मागे म्हैस आणि तनुजा.

माहेरी भावाची, संपतची बायको पायल गरोदर होती. "वहिनी, हिचं दूध कच्चं पिऊ नका," तनुजाने आल्या आल्या बजावलं. पण आई रोज पायलला धारोष्ण दुधाचा पेला देई. पोटुशीला तेच मानवतं म्हणे. पाणी चढून वाट बुडाली. भर पावसात पायलला कळा सुरू झाल्या आणि इस्पितळात नेताना होडीतच सहा महिन्यांचं पोट पडलं.

इस्पितळाने कळवल्यावर तेच पथक बेटावर आलं, सगळ्यांचं रक्त घेऊन गेलं. निम्म्या घरांत खूण निघाली. त्यातल्या कित्येकांचा त्या म्हशीशी संबंधही नव्हता.

"हा आजार इथल्या शेळ्यांत जुना आहे," पूर्वा पुन्हा येऊन म्हणाल्या. "तनुजाने आणलेला नाही. म्हैसही बहुधा इथूनच तो घेऊन गेली."

"असंल," संपत म्हणाला. "पण आधी तनुजाला होडीत घाला. शेळ्यांचं आमी बघतो."

तिला थांबवायला आई दारातून हलली नाही.

आता तनुजा बिबवेवाडीत डबे करणाऱ्या ललिताबाईंकडे पोळ्या लाटते. औषध पुरं झालं, ताप गेला. कंबर अजून धरते. परवा वारज्याच्या शेजारणीचा, मथुराबाईंचा फोन आला.

"इंद्रजीतनं दुसरी केलीय. गोठा आता तीच बघती. पोरीला दिवस गेलेत, आन् रोज संध्याकाळी तापती. तपासून घे म्हणून सांगतीस का तिला?"

"नाही."

"अगं, पोट पडंल तिचं."

"पडेल," तनुजा म्हणाली आणि फोन ठेवून दिला. पोरीचं नावही तिने विचारलं नाही.