अजूनएक-ताई

जिममध्ये तिला नावाने कुणी हाक मारत नसे. तोंडावर ‘ताई’ आणि पाठ फिरली की ‘अजूनएक-ताई’. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. माणूस घामाघूम होऊन “बस, ताई, बस!” म्हणून कळवळला की ही शांतपणे म्हणायची, “शेवटचा. चला.” तो बिचारा दात-ओठ खाऊन शेवटचा काढायचा, की हिचं लगेच, “छान! आता अजून एक.” लोक मनातल्या मनात शिव्या हासडायचे आणि दुसऱ्या दिवशी परत तिच्याकडेच यायचे. आता याला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा!

जिम होती एका फरशीच्या दुकानाच्या वर. खाली दिवसभर फरश्या कापण्याची किरकिर आणि वर रबरी जमिनीचा वास. सकाळी शटर वर करायचं, लोकांना घाम गाळायला लावायचं, दुपारी घरी जाऊन चार घास पोटात ढकलायचे आणि संध्याकाळी परत उभं राहायचं ते आरसे पुसून होईपर्यंत. लोकांना वाटतं, ट्रेनरचं काय, गाणी लावायची आणि आकडे मोजायचे. करून बघा म्हणावं! प्रत्येकाचा गुडघा वेगळा, प्रत्येकाचं रडगाणं वेगळं, आणि हिने मात्र प्रत्येकाशी तेवढ्याच उत्साहाने हसायचं. वजनं उचलून ती कधी थकली नाही. त्या हसण्याने मात्र तिचा पिट्ट्या पडायचा.

नवीन आलेल्या ट्रेनरना ती एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायची. माणूस ‘बस’ म्हणतो ना, ते जिभेने म्हणतो. पायात तेव्हा बरंच काही शिल्लक असतं. जिभेकडे लक्ष द्यायचं नाही, पायाकडे बघायचं. आणि ते खोटं नव्हतं. ‘बस, बस’ करणारी एक बँकवाली बाई तिच्याकडे येऊन येऊन मांडी घालून खाली बसायला लागली होती. पण वर्षानुवर्षं एकच शब्द कानाआड करत राहिलं की कान निबर होतो. तिचा झाला होता, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

तिचे बाबा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. अर्ध्या गावाला गाडी त्यांनी शिकवली असेल. नीटनेटका माणूस, रोज खालच्या न्हाव्याकडे जाऊन दाढी करून घेणार, आणि दाढी निमित्तमात्र, तासभर गप्पा हाणणार. त्यांना झटका आला आणि डावी बाजू गेली. बोलणं परत आलं, हात थोडा आला, पाय मात्र रुसला. घर वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबांनी एकच गोष्ट मागितली, “मला माझ्या पायांनी खाली जाऊन न्हाव्याच्या खुर्चीत बसायचंय. मग काय व्हायचं ते होऊ दे.” डॉक्टरांनी बजावलं होतं की जे काय परत यायचं ते सुरुवातीच्या महिन्यांतच येतं, नंतर पाय ऐकत नाही. म्हणजे घाई होती.

डॉक्टरांनी एका फिजिओचं नाव सुचवलं. तिने हात झटकला. “घरात ट्रेनर असताना बाहेरचा माणूस कशाला?”

“अगं, त्यांचं शिक्षण वेगळं असतं,” आई म्हणाली.

“आई, दिवसभर मी दुसरं काय करते?”

आणि सुरुवात झकास झाली, हेही सांगायला हवं. पलंगावरून उभं राहणं जमलं. मग भिंत धरून दारापर्यंत. दाराला हात लागला तेव्हा बाबा लहान मुलासारखे रडले. आणि ती काय म्हणाली? “छान! आता परत पलंगापर्यंत.”

मग जिना आला. दुपारच्या सुट्टीत, पोटात अन्नाचा कण नसताना, एक डोळा घड्याळावर ठेवून ती त्यांना थोड्या पायऱ्या उतरवायची आणि परत वर आणायची. त्या दिवशी जिममध्ये कुणाशी तरी वाजलं होतं, डोकं भणभणत होतं. वर चढताना बाबा थांबले आणि म्हणाले, “बस गं.”

“शेवटची, बाबा.”

ते चढले. कठडा धरलेली बोटं पांढरी पडली होती.

“वा! आता अजून एक.”

“बस म्हणतोय ना मी.”

“सगळेच म्हणतात, बाबा. चला.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पाय उचलला. डावा गुडघा दुमडला. तिने कमरेला धरलं होतं, म्हणून डोकं वाचलं. पण कठड्यावरचा हात अडकला, पिरगळला आणि मनगट मोडलं. उजवं. म्हणजे चांगला हात.

जो हात जेवू शकत होता तोच प्लास्टरमध्ये गेला आणि आई त्यांना भरवायला लागली. आईने तिला काय काय नाही ऐकवलं! “जिममध्ये कर म्हणावं हे धंदे! हा बाप आहे तुझा, गिऱ्हाईक नाही!” ती खाली मान घालून ऐकत राहिली. बाबा मात्र एका शब्दाने बोलले नाहीत. एकदा खडसावलं असतं तर तिला मोकळं वाटलं असतं. तेवढंही त्यांनी केलं नाही.

प्लास्टर निघालं तशी ती त्यांच्यासमोर जाऊन बसली. “बाबा, हळूहळू सुरू करू या?”

“हो,” बाबा निमूटपणे म्हणाले. त्यांनी पलंगाची कड धरली. तिने हात पुढे केला आणि त्यांचा पाय लटलट कापायला लागला. दोन्ही पाय. ती हात मागे घेई की थांबत, पुढे करी की परत सुरू. सोंग करणारे पाय तिने आयुष्यभर पाहिले होते. हे सोंग नव्हतं.

“चिडलो नाहीये मी तुझ्यावर,” बाबा म्हणाले. “ऐक. मी शिकवायचो त्या गाडीत दोन ब्रेक असायचे, एक माझ्या पायाशी, एक शिकणाऱ्याच्या. तो घाबरला की दाबायचा. भर रस्त्यात दाबायचा, मागचे हॉर्न वाजवून जीव खायचे. पण मी कधी म्हटलं नाही, का दाबलास. जिन्यावर माझ्या पायाशी ब्रेकच नव्हता गं.”

“परत नाही असं करणार, बाबा. तुम्ही म्हणाल तिथे थांबेन. शपथ.”

“ते मला कळतं,” बाबा म्हणाले. “पायाला कोण सांगणार?”

शेवटी तो फिजिओ आला. मध्यमवयीन, ढेरपोट्या, एक जिना चढून धापा टाकणारा. हिला बघूनच चीड आली. हा लोकांना चालवणार? आधी स्वतःला चालव! त्याने बाबांना तपासलं, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि गोड आवाजात म्हणाला, “ताई, मी असेन तेव्हा तुम्ही जरा बाहेर बसाल?” अख्ख्या गावाला उठवून बसवणारी बाई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसली.

दार लोटलेलं असे, पण आवाज यायचे. “बस? बरं, बस तर बस. पाणी प्या, काका.” ती आतल्या आत धुमसायची. अशाने माणूस पुढच्या जन्मी खाली उतरेल! पण आई चहाचा कप घेऊन आत जायची आणि हसत बाहेर यायची. बाबा भिंत सोडून उभे राहिले म्हणे. बाबा उंबऱ्याबाहेर गेले म्हणे. घरातल्या घरात राहून तिला सगळं ‘म्हणे’ लावून कळायचं.

इकडे जिममध्येही तिचं बिनसलं. बँकवाली बाई खांद्यावर वजन घेऊन खाली बसली, “बस, ताई!” म्हणाली, आणि हिने झटकन दांडा उचलून स्टँडवर ठेवला. बाई बघतच राहिली. “हे काय? अजून एक म्हणा की!”

“तुम्ही बस म्हणालात ना?”

“अहो, ते मी रोजच म्हणते!”

मालकानेही बोलावून विचारलं, तब्येत बरी आहे ना, लोक म्हणतात पूर्वीसारखी मजा नाही राहिली. ती नुसती मान हलवून परत कामाला लागली. आता कुणी ‘बस’ म्हटलं की तिला आधी ती पांढरी बोटं दिसत, आणि मग समोरचा पाय नीट दिसतच नसे.

एके दिवशी दुपारी ती घरी निघाली होती. इमारतीत शिरून जिना चढू लागली आणि वरून काठीचा आवाज आला. काठी, पाय, मग घासत येणारा दुसरा पाय. ती जिन्याच्या खालच्या वळणावर जागच्या जागी थांबली. वरून कुणी खाली वाकून पाहिलं तर आपण दिसणार, म्हणून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. बाबा जिना उतरत होते! काठी, पाय, पाय. तिचे ओठ आपोआप मोजायला लागले. जिथे तिने पडताना त्यांना धरलं होतं ती पायरी मागे पडली. आनंदाने तिचा जीव फुटायला आला होता आणि श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायची सोय नव्हती. आवाज अगदी जवळ आले. तिच्या डोक्यावरच, एका वळणापलीकडे.

“बस,” बाबा म्हणाले.

तिच्या तोंडात ते दोन शब्द आले होते. तिने ओठ घट्ट मिटले.

“बस तर बस,” फिजिओ म्हणाला. “टेका इथेच पायरीवर.”

बाबा बसल्याचा आवाज आला. बराच वेळ दोघं दम खात राहिले. मग बाबा हसले. झटका आल्यापासून तिने ते हसणं ऐकलं नव्हतं. “माझी मुलगी इथे असती ना, तर एव्हाना न्हाव्याच्या खुर्चीत बसवलं असतं तिने मला.”

“मग काका, बोलवायचं का उद्या ताईंना?”

बाबांची काठी दगडावर हलकेच आपटत राहिली.

“नको,” ते म्हणाले. “आणि इथवर आलो हेही सांगू नका तिला. धावत येईल ती.”

तिच्या कामाच्या बुटांचे तळ फरशीवर करकरत असत. ती वाकली, तिने लेस सोडल्या, बूट काढून हातात घेतले आणि अनवाणी, एकेक पायरी जपून, खाली रस्त्यावर उतरली.