खाडीपर्यंत दिसायला हवं

सकाळी पावणेआठला आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर पोळ्या, ह्यांचा एक मोजा सापडलेला नाही आणि सोसायटीचं पाणी सव्वाआठला जाणार म्हणून बादल्या नळाखाली रांगेत. अशात दारावर थाप पडली. बेल असताना थाप. मी पोळी उलटली, गॅस बारीक केला आणि दार उघडलं.

दारात साठी ओलांडलेली एक बाई उभी होती. गुडघ्यापर्यंत कसलेलं नऊवारी, डोक्यावर चुंबळ, आणि चुंबळीवर कॉम्प्युटरचा काळा डबा. हात न लावता तोललेला.

"कॉम्प्युटर खोलणारी वैनी तूच का?"

"हो, पण तुम्ही..."

"मी गुणा. बी विंग, चौथा माळा. आदी ह्यो उतरून घे, मग इचार. तुमची लिफ्ट बंद हाय."

डबा आम्ही दोघींनी खाली घेतला. लग्नाआधी मी एका दुकानात दोन वर्षं मशिनं जोडली होती आणि सुकापूरच्या सोसायटीत अशी गोष्ट लपत नाही. ह्यांनी मोजा मिळाल्याचं आतून ओरडून सांगितलं. गुणाबाई म्हणाल्या, "तुझ्या मालकाला जाऊ दे कामावर. मी बसते." आणि चपलांच्या स्टँडजवळच, भिंतीला टेकून, बसल्या.

सव्वानऊला घर रिकामं झालं तशी मी चहा ठेवला आणि विचारलं, "काय होतंय ह्याला?"

"दिवे लावते आणि यो मरतो. चाळीस घरां झाली का मरतो."

मला काहीच कळलं नाही. म्हणून डबा मुलाच्या मॉनिटरला जोडला आणि त्यांना खुर्ची दिली. कीबोर्ड त्यांनी आपलाच आणला होता, पदरात गुंडाळून. चार बटणांवर टिकल्या चिकटवलेल्या होत्या. "लाल पुढं, हिरवी मागं, पिवळ्या दोन बाजूला," त्या म्हणाल्या. "नातीनं लावून दिल्यात."

गुणाबाई मूळच्या कोन गावच्या. पंधराव्या वर्षी लग्न होऊन खारवलीत आल्या, आणि पुढची तेवीस वर्षं खाडीकाठच्या मिठागरावर मीठ ओढण्यात गेली. त्यांच्या बोटांच्या पेरांवरच्या बारीक चिरा अजून बुजलेल्या नाहीत. पुढे मिठागरं बंद पडली, नवरा काशिराम गेला, आणि मग गावच विमानतळाच्या हद्दीत आलं. मागच्या उन्हाळ्यात सगळी घरं पडली. त्या पडण्याआधी नात किशोरी वही घेऊन गावभर फिरली होती. कुठलं घर किती पावलांचं, ओटा कुठल्या बाजूला, विहिरीला पायऱ्या किती, हे सगळं लिहून तिनं ठोकळे रचण्याच्या एका खेळात अख्खी खारवली उभी केली. एकशे बारा घरं, देऊळ, दोन विहिरी, बांध आणि पलीकडे खाडी. जूनमध्ये किशोरी नोकरीला पुण्याला गेली. गाव चौथ्या मजल्यावर, आजीकडे राहिलं.

पडद्यावर धुकं होतं. दाट, राखाडी धुकं. गुणाबाईंनी लाल टिकली दाबली आणि धुक्यातून एक घर पुढे आलं. मग दुसरं. मागे वळून पाहिलं तर पहिलं गेलेलं.

"असंच हाय," त्या म्हणाल्या. "आपण जाऊ तेवढाच गाव. बाकीचा कुठं जातो ते मना समजत नाय."

"मेमरी कमी आहे, मावशी. त्याला एका वेळी सगळं धरवत नाही."

"मना धरवतंय, त्याला काय झालं?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. खेळातला दिवस मावळत होता, आणि त्या एका ओट्यापासून चार पावलं लांबच थांबल्या होत्या. दाराच्या चौकटीत काळोख होता.

"ह्यो सखूबाईचा घर. मरून सात वर्सं झाली तिला. किशोरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकटी फिरत होते, तर आत कोणीतरी उभा. हिरवा लुगडा. मी म्हटलं सखू हाय. म्हटलं, सखू, कवा आलीस गं?" त्यांनी माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. "तर ती अंगावर आली."

त्या खेळात काळोख पडलेल्या खोलीत अशी माणसासारखी सोंगं आपोआप उभी राहतात. उजेड असला की येत नाहीत. मी त्यांना हे समजावून सांगितलं.

"किशोरीनं पण हाच सांगितला फोनवर. मी येडी नाय, वैनी. चित्र हाय ते मना ठावं हाय." त्या अजून त्या चौकटीकडेच बघत होत्या. "पण सर्वपित्रीला तेरा दिस उरलेत. आमच्या गावची गेलेली माणसां त्या दिशी आपापल्या घरी येतात. किशोरीचा आजा ह्या फ्लॅटात कवा आलाय? त्याला जिना तरी कुठला ठावं? त्याला खाडीवरून बांध, बांधावरून घर, एवढीच वाट ठावं. गावाच्या जागी आता नुसता माती भरलाय. मग येऊन जाऊन गाव हाच उरला. आणि घराघरात ही असली उभी. आपल्या घरात परका उभा बघून आलेला माणूस दारातूनच परत नाय का जायाचा?"

मीही त्या चौकटीकडे पाहिलं.

"म्हणून दिवे. एकशे बारा. अमावस्येच्या आत. आणि बांधावर उभी राहिले का खाडीपर्यंत दिसायला पायजे."

बाराच्या सुमारास विमानतळासाठी फोडत असलेल्या डोंगराकडून सुरुंगाचा दणका आला. मांडणीवरची ताटं किणकिणली. गुणाबाईंनी मान वर केली नाही.

दुपारी मी डबा उघडला. आत चार जीबीची एकच स्टिक आणि एक जीबीचं जुनं ग्राफिक्स कार्ड, त्याच्या पंख्यावर धुळीचा लोकरीसारखा थर. खेळ चालू ठेवून पाहिलं तर मेमरी सत्त्याण्णव टक्के भरलेली. किशोरीनं उजेड खराखुरा वाटावा म्हणून जे जोडकाम खेळात घातलं होतं, ते सगळं कार्डाच्या मानेवर. म्हणजे लांबचं दिसायला मेमरी आणि दिव्यांना कार्ड. दोन्ही हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षाने जुन्या पनवेलात गेलो. दुकानदार मिथुन माझ्या ओळखीचा. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "गेमिंगला ना? कुठला खेळतो मुलगा? शूटिंग की रेसिंग?"

"मी खेळते," गुणाबाई म्हणाल्या.

"तुम्ही? काय खेळता, आजी?"

"गाव."

मिथुनने मला डोळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, "लांबपर्यंत दिसायला हवं आणि शंभरावर दिवे एकदम पेटायला हवेत." त्याने लगेच आठ जीबीचं, तीन पंख्यांचं लांबलचक कार्ड काउंटरवर ठेवलं. चालू केलं की कडेने लाल-निळे दिवे फिरायचे. गुणाबाईंनी ते तळहातावर घेऊन मासा बघावा तसं उलटंपालटं केलं.

"लायटी ह्याच्यातच लागतात?"

"भारी दिसतं ना, आजी?"

"मना लायटी घरात पायजेत. डब्यात लावून कोणाला दाखवू?"

शिवाय ते त्या डब्यात मावलंही नसतं, हार्ड डिस्कच्या खाचेला अडलं असतं. मी चार जीबीचं, दोन पंख्यांचं मागितलं. मिथुन म्हणाला, तसंच एक वापरलेलं आहे, सहा महिनेच चाललंय, निम्म्यात देतो. मी विचारात पडले. गुणाबाईंनी एका क्षणात कार्ड परत सरकवलं.

"कोणाचा होता?"

"कळंबोलीचा एक पोरगा. विकून गेला."

"नको रे बाबा. दिवा उसना नाय चालत."

शेवटी नवंच मागवलं. मेमरी आठ-आठची जोडी, एकाच कंपनीची, म्हणजे जुळवून घेण्याची भांडणं नकोत. जुन्या पॉवर सप्लायला हे सगळं पेललं नसतं म्हणून तोही बदलला. कार्ड यायला आठवडा लागणार होता. मेमरी त्याच संध्याकाळी बसवली.

धुकं मागे हटलं. एकदम नाही, गल्लीगल्लीने. वेशीवर उभं राहिलं की देवळाचा कळस दिसू लागला. गुणाबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि बोटाने पडद्यावर घरं मोजत गेल्या. पण दिवे सत्तरच्या पुढे सरकेनात. एकाहत्तरावा लावला की जुन्या कार्डाचा पंखा किंचाळायचा, चित्र थिजायचं, मग सगळं काळं. त्या काळ्या पडद्यात खोलीतला बल्ब आणि गुणाबाईंचा चेहरा दिसायचा. चालू केलं की सतरा-अठरा घरं परत अंधारी. ती पुन्हा पहिल्यापासून. असं सहा संध्याकाळी चाललं. एकदा त्या देवळामागच्या घरापाशी थांबून कुजबुजल्या, "आत हाय. दोन हायेत." मी वाकून पाहिलं. दोन होती. हलत नव्हती, नुसती दाराकडे तोंड करून उभी. खेळ आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी स्वयंपाकघरातला दिवा लावून आले.

त्यांचा मुलगा भगवान डंपर चालवतो. तिकडेच, विमानतळाच्या भरावाच्या कामावर. एकदा तो आईला न्यायला आला आणि दारातूनच म्हणाला, "आये, लोकांच्या घरात किती बसशील? इकून टाकू यो डबा." तेवढ्यात त्याला पडदा दिसला. तो दोन पावलं आत आला.

"आपला वटा," तो म्हणाला. तो पडद्याशी वाकला. मग, "पायरी मोडकीच ठेवली तिनं."

"मोडकीच होती," गुणाबाई म्हणाल्या. "तुला दहादा सांगितलेला, नीट कर."

तो वळून निघाला. लिफ्ट चालू झाली होती, पण त्याच्या चपला जिन्यावरून गेल्या.

कार्ड उशिरा, अमावस्येच्या आदल्या दिवशी आलं. सकाळी मी ते बसवलं, डबा त्यांच्याच घरी नेऊन जोडला. अमावस्येला दुपारी त्यांनी पान वाढलं, भगवानने ते गच्चीवर नेऊन ठेवलं. दिवेलागणीला मी वर गेले तेव्हा सून दूध आणायला गेली होती आणि गुणाबाई खुर्चीत बसल्या होत्या. नवं लुगडं, डोक्यावर पदर.

एकाहत्तरावा दिवा लागला. पंख्याचा आवाज बदललाही नाही. बहात्तर, त्र्याहत्तर. त्या दर दाराशी थांबायच्या, आत दिवा ठेवायच्या, पुटपुटायच्या. "दादूचा. शकूच्या सासूचा. ह्यो कुमुदचा, हिनं मना पहिल्या बाळंतपणात जेवण दिलेला." देवळामागच्या घरात उजेड पडला तेव्हा आत कुणी नव्हतं. सखूबाईकडेही नव्हतं. एकशे बारावा त्यांचा स्वतःचा.

मग त्या बांधावर चढल्या आणि वळून उभ्या राहिल्या. अख्खं गाव एका नजरेत. धुक्याची रेघ नाही. प्रत्येक दारातून उजेडाची पट्टी अंगणात पडलेली, आणि अंगणं रिकामी. कुत्रं नाही, चुलीचा धूर नाही. इतकं स्पष्ट दिसत होतं की कुणी नाही हेही कुठे लपायला जागा नव्हती. मला वाटलं, कमी दिसत होतं तेच बरं होतं.

गुणाबाईंनी गावाकडे पाठ केली. समोर खाडी होती, काळी आणि सपाट. टिकल्यांवरची बोटं त्यांनी उचलून घेतली.

"वैनी, मिठागरावरून सांजेला येताना पाठीमागून हाक आली तर आमी वळत नव्हतो. एका हाकेला नाय, दोन हाकांना नाय. तेवढ्या कोणीबी मारतो, माणूस नसलेलापण मारतो. तिसरी आली तर आपला माणूस. किशोरीचा आजा रोज तीनदा मारायचा. सगळा गाव तीनदा मारायचा."

त्यांचे डोळे पाण्यावरच होते.

"हितं मना कोण हाक मारणार? भगवान आये म्हणतो. पोरगी आजी म्हणते. तू मावशी म्हणतेस. नाव घेणारी सगळी तिकडंच गेली."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो हळूच काढला आणि मला खुर्चीच्या मागे जायची खूण केली.

"तितं उभी रहा. आणि मना 'गुणे' म्हणून तीनदा हाक मार."